वेष्टी आत, लुंगी बाहेर

न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन ११ जुलै २०१४ रोजी एका पुस्तकाच्या प्रकाशनाला निघाले. कार्यक्रम चेन्नईत, चेपॉकच्या तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात. न्यायमूर्ती तेव्हा मद्रास हायकोर्टाचे विद्यमान. अंगात सदरा, कमरेला पांढरीस्वच्छ वेष्टी. म्हणजे आपलं धोतरच, फक्त काष्टा नाही. दारावर त्यांना सांगण्यात आलं, वेष्टीत आत जाता येणार नाही. ज्यांच्या एका सहीनं माणूस तुरुंगात जातो किंवा सुटतो, ते पँटीअभावी घरी परतले. वेष्टीपायी दोन वकिलांनाही असंच माघारी जावं लागलं. त्यातले जी. आर. स्वामिनाथन पुढे त्याच हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. दुसऱ्या वकिलांचं नाव आर. गांधी. गांधी नावाच्या माणसाला वेष्टी नेसला म्हणून परत पाठवायचं, तेही स्वातंत्र्याला सदुसष्ट वर्षं होत आल्यावर! क्रिकेटवाल्यांच्या पुस्तकात याला हिट विकेट म्हणतात.

नियम म्हणजे नियम, हे सगळ्याच जुन्या क्लबांचं उत्तर. पँट हवी, बूट हवेत, शर्टाला कॉलर हवी. कॉलरवर तर या लोकांची विलक्षण श्रद्धा. दोन दिवस न धुतलेल्या टी-शर्टला कॉलर असली की त्याच्यापुढे दार उघडतं. गंमत म्हणजे हा क्लब ज्या मैदानाला चिकटून आहे, तिथे दर उन्हाळ्यात अकरा जण पिवळ्या पायजम्यांत खेळतात आणि अख्खं शहर त्यांच्या पायाशी लोळण घेतं. पायजम्यावर कुणाचा आक्षेप नाही, तो पायजमा लिलावात विकत घेतलेला आहे.

पण क्लबवाल्यांनी एक हिशेब केला नव्हता. तमिळनाडूत वेष्टी हे नुसतं वस्त्र नाही, तिथे काठावरून पक्ष ओळखता येतो. कामराज, अण्णादुराई, करुणानिधी, एमजीआर या सगळ्या मुख्यमंत्र्यांनी राज्य केलं ते वेष्टीत. विधानसभेत हलकल्लोळ झाला. मुख्यमंत्री जयललितांनी हा तमिळ संस्कृतीचा अपमान ठरवला आणि ऑगस्टमध्ये कायदा करूनच त्या थांबल्या. वेष्टी किंवा कुठलाही भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लबानं कुणाला अडवलं, तर एक वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड, वर परवानाही रद्द होऊ शकतो. घटना जुलैतली, कायदा ऑगस्टमधला. या देशात साधा रस्त्यावरचा खड्डा बुजायला याहून जास्त दिवस लागतात. अर्थात खड्ड्यात न्यायमूर्ती पडले नव्हते.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये. मुंबईच्या विलिंग्डन क्लबानं १९८८ साली एम. एफ. हुसेन यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता, कारण पायात चपला-बूट काही नव्हतं. पंढरपुरात जन्मलेला माणूस अनवाणी चालला तर त्यात नवल ते काय? पण विलिंग्डनच्या हिरवळीला वारीची सवय नव्हती. खरी मेख या क्लबाच्या जन्मकथेत आहे. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन आपल्या हिंदी पाहुण्याला घेऊन गोऱ्यांच्या क्लबात गेले, पाहुण्याला प्रवेश नाकारला, म्हणून चिडून त्यांनी सगळ्यांसाठी खुला असा क्लब काढला, असं सांगतात. म्हणजे दारावरच्या अपमानातून जो क्लब उभा राहिला, त्यानं सत्तर वर्षांत दारावरचा अपमान स्वतः शिकून घेतला. हे विलिंग्डनसाहेब मुंबईनंतर गव्हर्नर म्हणून कुठे गेले? मद्रासला.

क्लबांचं दार झालं, आता जहाजाकडे येऊ. ४ जून २०२२ला मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी चेन्नई बंदरातून ‘एम्प्रेस’ या क्रूझला हिरवा झेंडा दाखवला. कंपनी कॉर्डेलिया, जहाज १९९० सालचं, अमेरिकन कंपनीकडे हयात घालवून आपल्याकडे दुसऱ्या संसाराला आलेलं. पुदुच्चेरीनं या जहाजाला धक्क्याला लागू दिलं नाही. कारण कपडे नव्हतं, कॅसिनो होता. असो. माझा प्रश्न वेगळा आहे. न्यायमूर्तींना वाचवणारा तो २०१४चा कायदा राज्याचा. राज्य किनाऱ्यापाशी संपतं. मग खोल समुद्रात, रात्रीच्या जेवणाच्या दाराशी, वेष्टीचा वाली कोण?

घाबरायचं कारण नाही. आपल्याकडच्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझवर वेष्टीच काय, कशालाच कुणी अडवेल असं वाटत नाही. तिकिटाबरोबर येणाऱ्या सूचनांत ‘स्मार्ट कॅज्युअल’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचणारे लोक वेगळे आणि जेवायला येणारे वेगळे. पोहण्याच्या तलावातून थेट डोशाच्या रांगेत आलेले, अंगाखाली थेंबांची रांगोळी घालत उभे असलेले काका. नवी कोरी अर्धी चड्डी, तिच्यावर अननसांची बाग आणि पायांत ऑफिसचे काळे मोजे अशा थाटातले बँकेतले साहेब. नाइट गाऊनवर ओढणी घेतली की तो पंजाबी ड्रेस होतो या गाढ विश्वासानं नाश्त्याला उतरलेल्या मावशी. आणि या सगळ्यांत एखादी कांजीवरम नेसलेली, गजरा माळलेली आजी, जी एकटीच जेवायला जेवणासारखी आलेली असते. तिला ‘स्मार्ट’ व्हायला कुणी सांगावं लागत नाही.

साहेबाच्या जहाजांवर हे प्रकरण गंभीर होतं. पहिल्या वर्गाच्या जेवणघरात रात्री टेलकोट. फक्त पहिल्या रात्री सूट मिळायची, कारण ट्रंका अजून उघडलेल्या नसायच्या. कुनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी टू’वर आजही संध्याकाळी सहानंतर पोशाखाचे नियम लागू होतात आणि ठरावीक रात्री पुरुषांनी गडद सूट नाहीतर डिनर जॅकेट चढवायचं असतं. ज्याला नको त्यानं बुफेला जावं. उपाशी कुणी ठेवत नाही, फक्त नजरेआड करतात. उलट ‘नॉर्वेजियन’ नावाच्या क्रूझ कंपनीनं २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाखाली हवं तेव्हा, हवं त्या कपड्यांत जेवा असं जाहीर केलं आणि धंदा केला. मला यात तत्त्वज्ञान कमी आणि विमानाचं सामान जास्त दिसतं. बंदरापर्यंत विमानानं जायचं आणि तेवीस किलोंची मर्यादा, मग कोट घरीच राहणार. जे समतेच्या चळवळींना जमलं नाही ते वजनकाट्यानं केलं.

पण कुनार्डच्या नियमांत एक कलम आहे: सूट नको असेल तर आपल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल. म्हणजे अस्सल ब्रिटिश जहाजाच्या मेजवानीत आमचे न्यायमूर्ती वेष्टीत सुखानं सूप प्यायले असते. अडले ते चेपॉकला. साहेब गेला, त्याचा दरवान मात्र आपल्यात मुक्कामाला राहिला.

या जेवणघराच्या भीतीचा सर्वांत प्रसिद्ध मानकरी अर्थातच मूळचा गांधी. ४ सप्टेंबर १८८८ला मोहनदास मुंबईहून बोटीनं निघाला. अंगात काळा सूट. काटा-चमचा धरता येईना, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होईना, म्हणून जेवणघरात जायचंच टाळलं. खोलीत बसून बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खात प्रवास काढला. (आज क्रूझवर चिवड्याचे डबे नेणाऱ्या मराठी मंडळींनी हे आपल्या बचावात जरूर सांगावं.) पांढरा फ्लॅनेलचा सूट खास उतरण्यासाठी राखून ठेवलेला. विलायतेत तो घालून उतरला, तर सप्टेंबरअखेरीस तसले कपडे घातलेला अख्ख्या धक्क्यावर हा एकटाच. सामान एजंटाच्या ताब्यात, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारपर्यंत त्याच पांढऱ्या सुटात शरमेनं वावरला. हाच माणूस २२ सप्टेंबर १९२१ला मदुराईत सगळं उतरवून पंचावर आला आणि १९३१मध्ये त्याच पंचानिशी बकिंगहॅम पॅलेसमध्ये राजाकडे चहाला गेला. तिथे दारावर कुणी अडवलं नाही. दरवानालाही माणूस कळतो. पण त्याआधी तो महात्मा व्हावा लागतो. हायकोर्टाचा न्यायाधीश पुरत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं साहेबाचं खूळ. अजिबात नाही. जेवणघराच्या दारावर कपडे तपासायची विद्या आपण साहेबाला शिकवली असती. सोवळं म्हणजे दुसरं काय होतं? सदरा काढा, मुगटा नेसा, मगच पाटावर बसा. शिवलेलं वस्त्र विटाळाचं. साहेबाचा नियम होता, शिवलेलं घातल्याशिवाय जेवायला यायचं नाही. आपला होता, शिवलेलं काढल्याशिवाय जेवायला यायचं नाही. आणि दोन्हीकडे खरा प्रश्न कपड्यांचा नव्हताच. मुगटा नेसला म्हणून वाटेल त्याला काही पंगतीत घेत नव्हते. म्हणूनच बाबासाहेबांच्या थ्री-पीस सुटाकडे ‘साहेबी थाट’ म्हणून बघणाऱ्यांचं मला हसू येतं. ज्यांच्या अंगावर धड कपडा असू नये अशीच गावाची व्यवस्था होती, त्यांच्यातल्या एकानं इस्त्रीचा कोट घालून समोर येणं हे काही फॅशनचं प्रकरण नव्हतं. कपडे उतरवून गांधी मोठे झाले, कपडे चढवून आंबेडकर. आता बसवा तुमचा ड्रेस कोड.

तमिळनाडूनंही ती विद्या लगेच आठवून दाखवली. क्लबातल्या वेष्टीला कायद्यानं कवच मिळून दीड वर्ष झालं नाही, तोच मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठातून निकाल आला: १ जानेवारी २०१६पासून देवळांत पुरुषांनी धोतर, पायजमा किंवा नीटस पँट-शर्ट, बायकांनी साडी, हाफ साडी किंवा चुडीदार. जीन्स, बर्मुडा, घट्ट लेगिंग्ज बाहेर. मूळ अर्ज कशाबद्दल? गावच्या देवळाच्या उत्सवात नाचगाण्याचा कार्यक्रम करू द्या, याबद्दल. मागितली नाचाची परवानगी, मिळाला गणवेश. अंमल सुरू होऊन महिन्याभरात त्याला स्थगिती आली हे खरं, पण तोवर जीन्सवाल्या भाविकांना देवळाबाहेरच्या विक्रेत्यांनी धोतरं विकून पुण्य कमावलं असेलच. आपल्याकडे तुळजापूरला मे २०२३मध्ये असेच फलक लागले आणि टीका होताच उतरलेही. सिद्धिविनायकानं जानेवारी २०२५मध्ये तोकडे, फाटके कपडे नकोत म्हणून सांगितलं. गणपतीच्या स्वतःच्या अंगावर काय असतं, हे विचारायची सोय नाही.

या सगळ्या भांडणात एक वस्त्र मात्र कुणाच्याच यादीत नाही. लुंगी. चौकड्यांची, शिवून नळकांडं केलेली, गुडघ्यावर दुमडून चेन्नईचा अर्धा कष्टकरी वर्ग ज्यात दिवसभर राबतो ती. वेष्टी ‘संस्कृती’ झाली आणि लुंगी राहिली नुसती कापड. कायद्यानं जिला वाचवलं ती इस्त्रीची, पांढरी, समारंभाची वेष्टी. चेपॉकच्या क्लबात लुंगी नेसून जाऊन कायद्याची परीक्षा घ्यायची कल्पना कुठल्याही तमिळ अस्मितावाल्याच्या डोक्यात आलेली ऐकिवात नाही. लुंगीशी आपलं मराठी नातं तर जुनंच. साठच्या दशकात मुंबईत ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ म्हणत आपण रस्त्यावर उतरलो होतो. नियतीचा तिरकसपणा असा, की त्या वेळी बंगळुरात एक गायकवाडांचा शिवाजी मोठा होत होता. तो पुढे मद्रासला गेला, रजनीकांत झाला आणि २०१३मध्ये त्याला मुजरा म्हणून मुंबईच्याच हिंदी सिनेमानं अख्ख्या देशाला लग्नाच्या वरातीत लुंगी नाचवायला लावली. पुंगी कुणाची वाजली, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चेन्नईचा आणखी एक खटला टी-शर्टचा. २०२४मध्ये उपमुख्यमंत्री असताना उदयनिधी स्टॅलिन सरकारी कार्यक्रमांना टी-शर्ट घालून जात, छातीवर पक्षाचा उगवता सूर्य. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०१९चा पोशाखाचा आदेश आहे, तो यांना नाही का, म्हणून त्याच वर्षी एक वकील हायकोर्टात गेले. मंत्र्याला कारकुनाचा नियम लागू होतो का, हा प्रश्न कोर्टालाही पडला. मला त्यात फार गहन काही दिसत नाही. ज्याची नोकरी जाऊ शकते त्याला कॉलर लागते. ज्याच्या घरचीच पेढी आहे तो टी-शर्टात येतो. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक स्लिपर घालून बैठकीला बसतात आणि त्यांना प्रेझेंटेशन दाखवणारा मुलगा बुटाला पॉलिश करून येतो, हे आता आपल्या सवयीचं झालं आहे.

क्रूझच्या जेवणघरातही तेच चित्र. चड्डीतले बसलेले, पायजम्यातले बसलेले, वेष्टीतले असले तर तेही बसलेले. सगळ्यांच्या मधून ताटं घेऊन फिरणारा गोव्याचा किंवा फिलिपिन्सचा पोरगा मात्र पांढरा शर्ट, काळं जाकीट, गळ्याशी बो टाय, छातीवर नावाची पट्टी अशा कडक इस्त्रीत, डोलत्या जहाजावर, रस्सम न सांडता. त्याला बो टाय सोडून कामावर यायचं असेल तर कुठल्या विधानसभेत जावं, हे जयललितांच्या कायद्यात लिहिलेलं नाही.