तळण नसलेल्या घरातलं तेल

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याच्या तारखा यांच्या जोडीला दर रविवारी आणखी एक नोंद असते : ‘तेल 200 मिली’. ती वाचून एका मावशींनी बायकोचं तोंडभरून कौतुक केलं, “आठवड्याला एवढ्यात भागवतेस?”

“मी नाही हो,” बायको म्हणाली, “ती गाडी खाते.”

गाडी 2004 सालची. मीटरवर 1 लाख 80 हजार किलोमीटर. आरटीओत खेटे घालून तिचं रजिस्ट्रेशन दोनदा वाढवून आणलंय, पर्यावरण कर भरलाय. त्या कराची पावती सार्थकी लागली ती पाचगणीहून परतताना. पसरणीचा घाट उतरलो, वाईत शिरताना अॅक्सिलरेटर दाबला आणि मागे असा निळा ढग उठला की मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा झाला. थोड्या वेळाने तो ढगातून बाहेर आला आणि काचेशी येऊन म्हणाला, “काका, पाचगणीचं धुकं पाचगणीतच बरं असतं.”

मिस्त्रींनी घाटाचं वर्णन ऐकूनच निदान केलं. उतारावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन आत ओढ घेतं. व्हॉल्वची सीलं जुनी होऊन कडक झाली असतील तर तिथून तेल सिलिंडरमध्ये झिरपतं आणि पुन्हा पाय दाबला की जळतं. “चढावर जोर लावताना धूर आला असता तर रिंगा गेल्या म्हटलं असतं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा थांबेचना, तर पाणी आत जातंय.” नोकरीत साहेबाच्या चेहऱ्याचेसुद्धा एवढे रंग मला ओळखावे लागले नव्हते.

“सध्या काही करू नका,” मिस्त्री म्हणाले. “फक्त किती खाते ते मोजा.”

निवृत्त ऑडिटरला ‘मोजा’ म्हणू नये. मी रोज इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढू लागलो. महिनाभरात विलक्षण निष्कर्ष हाती आला : गाडी सोमवारी तेल खायची आणि मंगळवारी परत करायची. वही पाहून मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, “गाडी लावता कुठे?” आमच्या सोसायटीचं पार्किंग उतारावर आहे. तोंड वर करून लावली की पट्टी एक सांगायची, खाली करून लावली की दुसरंच. महिन्याचं ऑडिट रद्द.

मग मी आग्रहाने वाढायला लागलो. दोन खुणांच्या मध्ये तेल असावं म्हणतात, पण पाहुण्याच्या पानात जिलबी वाढताना आपण खुणा बघतो का? वरच्या खुणेच्याही बोटभर वर ओतलं. मिस्त्री कळवळले. “अहो, क्रँक ते तेल घुसळते, फेस होतो. इंजिनात ताक करायचंय का?” जादाचं तेल त्यांनी खालून काढलं.

“आता पट्टी बघतच नाही,” मी रागाने म्हणालो. “लाल दिवा पेटला की घालीन.”

“तो दिवा तेल किती उरलं ते सांगत नाही, काका. तेलाचा दाब गेला ते सांगतो. त्याची वाट बघणारे माझ्याकडे टोचन करून येतात.”

शेवटी हिशेब मांडला. आठवड्याला 200 किलोमीटर, 200 मिली तेल. म्हणजे हजार किलोमीटरला एक लिटर. लिटरला 400 रुपये आणि महिना चार आठवड्यांचा धरला तर महिन्याला 320, वर्षाला 3,840. हेड उतरवून सीलं बदलायला 16 हजार. म्हणजे खर्च वसूल व्हायला चार वर्षं दोन महिने. रजिस्ट्रेशन संपतंय 2029 मध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या ऑडिटमध्ये काहीही न करणं हा सर्वोत्तम उपाय ठरला.

तर तुमचीही गाडी वयात आली असेल तर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग वाचा. पुसायला पोळ्यांच्या डब्यातलं फडकं घेऊ नका. मावशी येतील तेव्हा काय सांगणार?