सतराचा पाढा आणि जेराल्ड

इंग्रजीत मठ्ठ माणसाला विटेची उपमा देतात. आमचे गणिताचे मास्तर मला दगड म्हणत. त्यामुळे जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'थिक ॲज अ ब्रिक' या अल्बमशी माझं नातं तो ऐकण्याआधीपासूनचं.

१९८८ साली एका मित्राने रेकॉर्ड लावली, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि मला कॅसेट भरून दिली. वर माहिती फुकट : सबंध अल्बम म्हणजे पाऊण तासाचं एकच गाणं आणि शब्द जेराल्ड बॉस्टॉक या आठ वर्षांच्या इंग्रज पोराचे! स्पर्धेत त्याची कविता पहिली आली, पण ती भलतीसलती वाटून बक्षीस काढून घेतलं म्हणे. मी हळहळलो. तेवढ्यावर न थांबता आठ वर्षांच्या भाच्याला समोर बसवून सुनावलं, "बघ, तुझ्याएवढा पोरगा! आणि तुला सतराचा पाढा येत नाही."

आतून ताई म्हणाली, "त्याला तरी येतो का, विचार आधी."

मूळ रेकॉर्ड हातात आली ती दहा वर्षांनी. कव्हर म्हणजे चक्क बारा पानी वर्तमानपत्र. छोट्या जाहिराती, शब्दकोडं, ठिपके जोडा, आणि पहिल्याच पानावर जेराल्ड. सगळं बनावट! शब्द बँडचा म्होरक्या इयन अँडरसन याचेच. त्याचा १९७१चा 'ॲक्वालंग' समीक्षकांनी 'कॉन्सेप्ट अल्बम', म्हणजे एकाच कल्पनेत ओवलेला अल्बम, ठरवला. तो नाही-नाही म्हणत राहिला, कोणी ऐकेना. मग १९७२मध्ये त्याने असल्या अल्बमांची टर उडवायला त्या सगळ्यांचा बाप काढला. लोकांनी तोही डोक्यावर घेतला. अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेला. म्हणजे वीट मी एकटाच नव्हतो.

पण टर उडवायला बसलेल्या माणसाने चाली मात्र जीव ओतून बांधल्या. सुरुवातीची ती साधी गिटार, तिच्या अंगाशी लगटणारी बासरी... थट्टा जुनी झाली, चाली नाही झाल्या. पहिली बाजू वाऱ्याच्या घोंगावण्यात विरते. उठून रेकॉर्ड उलटावी, तर पलीकडे वारा वाहतोच आहे. माझ्या कॅसेटवर या दोन वाऱ्यांच्या मध्ये मित्राची आई ओरडते, "अरे, दूध बघ!" पुढे सीडी घेतली, पण तिथे दूध नाही. दरवेळी चुकल्याचुकल्यासारखं होतं.

२०१२ साली अँडरसनने दुसरा भाग काढला : जेराल्ड मोठेपणी कोण-कोण झाला असता? एका शक्यतेत तो बँकवाला आहे.

भाचाही बँकेतच आहे. सतराचा पाढा त्याला अजून येत नाही.