शेंडेफळाचं शास्त्र

जे कळायला अर्थशास्त्र्यांना २०१८ साल उजाडावं लागलं, ते अंबरनाथच्या बुवापाड्यातली कुठलीही मावशी नळावर हंडा भरता भरता सांगेल. केंद्राचा २०१७-१८चा आर्थिक पाहणी अहवाल गुलाबी मुखपृष्ठ लेवून आला आणि विद्वानांनी शोध लावला, की आपल्याकडे घरातलं शेवटचं मूल बहुधा मुलगा असतं. अहो, शेंडेफळ म्हणतात त्याला! तीन बहिणींच्या पाठीवर बाळराजे अवतरले की पेढे वाटायचे आणि पाळणा माळ्यावर टाकायचा. मुलीला बर्फी, तीही मोजून.

या घरांतला हिशेब ऐकण्यासारखा असतो. पहिलाच मुलगा झाला, तर ‘महागाई केवढी, एक पुरे’. पहिली मुलगी झाली, तर त्याच पगारात, त्याच दहा बाय बाराच्या खोलीत एकदम स्वस्ताई येते. दुसरीनंतर तर विचारूच नका. ‘देवाच्या मनात असेल ते होईल,’ म्हणतात सासूबाई. देवाच्या मनात काय आहे, ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मुलींच्या वाट्याला मग भावंडं जास्त आणि दूध कमी.

त्या अहवालाने अशा नकोशा मुली २ कोटी १० लाख मोजल्या. सातारा जिल्ह्यात मोजायचेही कष्ट नव्हते, शाळेच्या हजेरीपटावर नावच ‘नकुशा’. तसं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो म्हणे. २०११मध्ये २८५ जणींची नावं बदलली.

ज्यांना इतकी वाट पाहवत नव्हती, त्यांनी सोनोग्राफी गाठली. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राचाच, १९८८चा. तरी सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. बीडमध्ये ८०७.

खरी पंचाईत भावी नगरसेवकाची. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं अपत्य झालं, की पालिकेची उमेदवारी बाद. दोन मुलींच्या बापाने काय चालवावं, वंश की वॉर्ड? (हुशार माणूस वॉर्ड धरतो आणि बॅनरवर ‘लेक वाचवा’ छापतो.)

ज्यांना वॉर्ड नको, त्यांच्यासाठी राज्याची ‘लेक लाडकी’ योजना आहे. १ एप्रिल २०२३नंतर जन्मलेल्या मुलीला पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला जोडावा लागतो. तेव्हा मंडळी, नवस बोलायचा की दाखला आणायचा, ते एकदाचं ठरवा. आणि या खेपेला आईच्या आधी बायकोला विचारा.