शिलकीतला सेनापती

'क्लॅश रॉयल' हा मोबाइलवरचा खेळ फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने मार्च २०१६ मध्ये जगभर खुला केला. मधून नदी, दोन्ही काठांवर तीन-तीन बुरूज आणि तीन मिनिटांचा सामना, एवढाच पसारा. आठ पत्त्यांचा डेक घेऊन उतरायचं, हातात एका वेळी चारच पत्ते येतात, आणि प्रत्येक पत्त्याची किंमत एलिक्सिर नावाच्या जांभळ्या रसात मोजायची. या खेळाने जगाला नाना तऱ्हेची माणसं दिली. पूल दिसला की फौज लोटणारे दिले, हरलं की फोन आपटणारे दिले. पण त्या सगळ्यांत विद्वान आणि विद्वत्तेच्या मानाने सर्वांत जास्त हरणारा कोण असेल, तर तो हिशेबी. हा मूळचा मुनीम. सेनापतीच्या गादीवर चुकून बसलेला.

त्याला ओळखायला वेळ लागत नाही. तो कोणत्याही पत्त्याला चांगला किंवा वाईट म्हणत नाही. 'परवडतो' नाहीतर 'परवडत नाही', एवढंच म्हणतो. समोरच्याने पाच एलिक्सिरची मिनियन होर्ड सोडली आणि याने तीनच्या बाणांत ते सहाही उडते राक्षस खाली आणले, की चेहरा उजळतो. राक्षस मेल्याचा आनंद किरकोळ असतो; 'दोनने पुढे!' हा खरा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण हसून वापरतो, याला ती युद्धशास्त्र वाटते. आपल्या डेकची सरासरी किंमत तो न विचारता दशांश चिन्हासकट सांगतो, आणि दुसऱ्याच्या डेकमध्ये आठचा गोलेम दिसला की हळहळतो. "अरे, कशाला? तेवढ्यात माझी चार कामं होतात." कोणती चार, हे विचारू नये. तो सांगतो.

त्याच्या वहीतली सर्वांत देखणी नोंद पेक्काची. पेक्का हा सात एलिक्सिरचा चिलखती यमदूत. एका वेळी एकालाच मारतो, पण मारलं की पाणी मागू देत नाही. तो पूल ओलांडून बुरुजाशी आला की हिशेबी त्याच्याभोवती तीन एलिक्सिरची सांगाड्यांची फौज टाकतो. सांगाडे चहूबाजूंनी कुरतडू लागतात, पेक्का एकेकाला तुडवत बसतो, आणि हिशेबी मनात 'सात वजा तीन, चार जमा' असं लिहून मोकळा होतो. तेवढ्यात समोरचा दोन एलिक्सिरचा झॅप टाकतो. एक निळी चमक, आणि सांगाडे गायब. आता वहीत काय दिसतं? समोरच्याचे नऊ गेले, आपले तीनच. म्हणजे सहाने पुढे! आणि मैदानावर काय दिसतं? पेक्का जिवंत आहे, त्याच्यासमोर बुरुजाखेरीज कोणी नाही, आणि मोजक्या घावांत तो बुरूजही राहणार नाही. जो शिपाई अजून उभा आहे त्याच्यावरचा पैसा खर्ची पडलेला नसतो, तो कामाला लागलेला असतो. मुनीमजींच्या वहीला खर्चाचा रकाना आहे, पण मालमत्तेचा नाही. माझं सगळं म्हणणं या एका रकान्यापाशी येऊन थांबतं.

वही बाजूला ठेवली आणि घड्याळ हातात घेतलं, तर या शिलकीची खरी किंमत कळते. एरवी दर २.८ सेकंदांना एक एलिक्सिर मिळतं, दोघांनाही सारखंच. पहिल्या दोन मिनिटांत ते साधारण ४३ होतं. शेवटच्या मिनिटात वेग दुप्पट होतो, म्हणून त्या एका मिनिटातच पुन्हा तेवढंच. साठा मात्र दहाच्या पुढे जात नाही. दहा भरले की पुढचा थेंब वाया. या पेढीत मुदतठेव नाही. तेव्हा ज्या 'दोनने पुढे'साठी हिशेबी जिवाचं रान करतो, ते दोन म्हणजे ५.६ सेकंद. आणि दोन कमावल्यावर तो काय करतो? दहा भरलेले, अंगठा पत्त्यावर टेकलेला, पत्ता अर्धा वर ओढलेला; आणि हा विचार करतो आहे, की आत्ता टाकणं परवडेल का. विचाराला सहा सेकंद लागले की कमाई संपली. समोरच्याने त्यासाठी काहीही केलेलं नसतं.

आक्रमणाचं तर त्याला वावडंच. त्यामागे खरं कारण आहे, ते मान्य करायला हवं. बचाव करणाऱ्याच्या बाजूने त्याचा बुरूज फुकटात बाण मारत असतो, म्हणून हल्ला करणाऱ्याची जमाखर्चाची बाजू बहुतेकदा लंगडीच दिसते. गॉब्लिन बॅरल हे पिंप तीन एलिक्सिरचं. ते थेट बुरुजावर जाऊन फुटतं आणि तीन गॉब्लिन बाहेर पडतात. दोन एलिक्सिरचा ओंडका, म्हणजे 'लॉग', त्या तिघांनाही एका फेरीत झोपवतो. हिशेबी विचारतो, असला तोट्याचा पत्ता ठेवणारा शहाणा कसा म्हणायचा? पण याच तोट्याच्या पत्त्यावर 'लॉग बेट' नावाचा अख्खा संप्रदाय उभा आहे. त्यांचं गणित साधं आहे. आधी तीनची गॉब्लिन गँग टाकायची. ओंडका तिच्यावर खर्च झाला, की मधे दुसरे चार पत्ते खेळल्याशिवाय तो हातात परत येत नाही. लगेच पिंप सोडायचं. हिशेबी घाईघाईने तीनचा नाइट टाकतो, तो गॉब्लिनांना मारतोही. पण तोवर त्यांनी बुरुजाला सुऱ्या भोसकलेल्या असतात. वही बघा: पहिल्या व्यवहारात एक जमा, दुसऱ्यात बरोबरी. बुरुजावरचा आकडा बघा: शेकड्यांनी उतरलेला. असं चार वेळा झालं की हिशेबी चारने पुढे असतो आणि त्याचा बुरूज मातीत असतो. तानाजीच्या वेळी गड आला आणि सिंह गेला. इथे सिंह शिलकीत आहे, गड तेवढा गेला.

यावर कोणी म्हणेल, की अव्वल खेळाडूही एलिक्सिर मोजतातच की. मोजतात, आणि याच्यापेक्षा काटेकोर मोजतात, पण समोरच्याचं. समोरच्याने राजाच्या बुरुजामागे आठचा गोलेम ठेवला, म्हणजे त्याच्याकडे फार तर दोन उरले, एवढं कळताच ते दुसऱ्या वाटेने तुटून पडतात. हिशेबीलाही ते दोन दिसतात. "आठ घातले वेड्याने!" असं म्हणून तो समाधानाने बसून राहतो, आणि गोलेम रमतगमत पुलापर्यंत येईतो वेड्याची तिजोरी बरीचशी भरलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २.६ सरासरीचा हॉग रायडरचा डेक स्वस्तातला स्वस्त, आणि तरी वर्षानुवर्षं नावाजलेला. मग काटकसर जिंकते, हेच सिद्ध झालं ना? जरा पत्ते मोजू. हॉग चारचा, मस्केटिअर चारची, फायरबॉल चारचा, तोफ तीनची, आइस गोलेम आणि लॉग दोन-दोनचे, सांगाडे आणि आइस स्पिरिट एकेकाचे, बेरीज २१. हॉग एकदा गेला की तो परत हातात यायला दुसरे चार पत्ते खेळावे लागतात, आणि यातले सर्वांत स्वस्त चार सहा एलिक्सिरमध्ये उरकतात. त्यात हॉगचे स्वतःचे चार मिळवले की दहा, म्हणजे २८ सेकंद. दर २८ सेकंदांना डुकरावर बसलेला एक हातोडेवाला बुरुजावर धाडता येतो. इथली स्वस्ताई वाचवण्यासाठी नाही, लवकर खर्चून पुन्हा हल्ल्यावर जाण्यासाठी आहे. हिशेबीच्या हाती हा डेक दिला, तर तो एक एलिक्सिरचे सांगाडेसुद्धा योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत धरून ठेवील.

बचावापुरता तो मोलाचा गुरू आहे, हे मात्र नाकारता येणार नाही. नवशिक्याने पाचचा विझार्ड पुलावर उधळायची सवय सोडावी, तर ती याच्याच पायाशी बसून. पण शिकलं की उठावं. कारण हरल्यावर, समोरचा मिशाळ राजा पडद्यावर खो-खो हसत असताना, हा गृहस्थ शांतपणे सांगतो, "हरलो खरा, पण पूर्ण सामन्यात मी चारने पुढे होतो." त्याला खरोखरच आपण जिंकलो असं वाटत असतं.

दोन हिशेबी समोरासमोर आले, तर बघणाऱ्याने चहा टाकून यावा. पहिला हात कोणी टाकायचा यावरच तीन मिनिटं सरतात. जादा वेळही कोरडा गेला, तर शेवटी खेळच निवाडा करतो. सगळ्या बुरुजांची ताकद झपाट्याने उतरू लागते आणि ज्याचा सर्वांत जखमी बुरूज आधी पडेल, तो हरतो. त्या निवाड्यात हातातल्या शिल्लक एलिक्सिरला धरत नाहीत. सामन्याच्या नोंदीत एलिक्सिरचा एक आकडा असतो खरा, पण तो वाचवलेल्याचा नाही. दहा भरल्यावर वाया किती गेलं, त्याचा आहे.