पायगुण

वर जाण्यात काही विशेष नाही. दारू ठासून भरली आणि बुडाशी आग लावली की काहीही वर जातं. दिवाळीतला बाणसुद्धा जातो. तो उतरतो कुठे, हे मात्र ज्याच्या गच्चीत कपडे वाळत असतात त्यालाच कळतं.

बाणाचं नाव उगाच काढलं नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकावरच्या खेळाचं मूळच फटाक्यांत आहे. त्याचा जनक फेलिपे फालांगे पोरवयात चांदीच्या कागदाची माणसं करून फटाक्यांत बसवायचा आणि आकाशात सोडायचा. त्या माणसांना तो कर्बल म्हणे. पुढे तो मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीत लागला. कंपनीचा धंदा जाहिरातींचा. पण २०११ साली लोकांसमोर आला तो हा रॉकेटांचा खेळ. हिरव्या रंगाचे, डोळे वटारलेले कर्बल, त्यांचा ग्रह कर्बिन, त्याचा चंद्र मुन. इंजिनं, टाक्या, पंख जोडत रॉकेट आपणच बांधायचं, उडवायचं, आणि जमलं तर उतरवायचं.

या ‘जमलं तर’मध्ये पाय येतात.

सुट्या भागांच्या यादीत लँडिंग लेग्ज बापडे निमूट पडलेले असतात. इंजिनाला रुबाब असतो, टाकीला आकारमान असतं. पाय म्हणजे नुसतं ओझं. कर्बिनवरून निघाल्यापासून मुनपर्यंत ते दुमडून बसून राहतात, प्रत्येक किलोमागे इंधन खातात आणि शेवटच्या दोन सेकंदांत काय ते काम करतात. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत असे काही सभासद आहेत, पण त्यांची ती दोन सेकंदं अजून आलेली नाहीत.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शहाण्यांची शिकवण मुनवर चालत नाही. तिथे अंथरूण म्हणजे विवराचा उतार, आणि तो नीट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा आधी पाय पसरावेत, अंथरुणाचं नंतर बघू. यान बुटकं, ढेरपोटं आणि फेंगडं असावं, हे माझं ठाम मत आहे. चारचौघांत दाखवण्यासारखं ते दिसत नाही. पण वजनाचा मध्य खाली आणि पावलांमधलं अंतर मोठं असलं, की उतारावरसुद्धा ते मांडी ठोकून बसतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला हे पटत नाही. त्याची रॉकेटं सडपातळ, उंच, ताठ मानेची. मुनवर ती झोकात उतरतात, क्षणभर उभी राहतात आणि मग विचार बदलल्यासारखी सावकाश कलतात. गुरुत्वाकर्षण आपल्या सहाव्या हिश्श्याचं असल्यामुळे पडायलाही वेळ लागतो; तेवढ्यात खालच्या खोलीतून चहा आणता येतो. आत जेबेडाया नावाचा वैमानिक हसत असतो. जेबेडाया कायमच हसत असतो, त्याच्यावर विसंबू नये.

“मामा, तुझं यान टेबलासारखं दिसतं,” असं भाचा म्हणतो.

टेबल पडलेलं पाहिलंयस का, असं मी विचारतो. पण पोरांना हल्ली पुरावे लागतात, म्हणून अपोलोचे देतो. चंद्रावर उतरलेल्या त्या यानाला चार पाय होते आणि त्यांच्या आत ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. आदळताना ती चुरगळायची आणि धक्का पिऊन टाकायची. परत सरळ व्हायची नाही, कारण दुसऱ्यांदा उतरायचंच नव्हतं. आर्मस्ट्राँगनं १९६९ साली यान इतकं अलगद टेकवलं की जाळी फारशी दबलीच नाही, आणि शिडीची शेवटची पायरी पायाखालच्या बशीपासून जवळजवळ तीन फूट वर राहिली. मन लावून काम केल्याची शिक्षा म्हणून त्या बिचाऱ्याला उडी मारावी लागली. अपोलो १५ नं कसर भरून काढली. ते दणकन आदळलं, एका विवराच्या काठावर तिरकं टेकलं आणि इंजिनाचं तोंड जमिनीला लागून चेपलं. खेळात हेच होतं: पाय वर जोडले गेले की रॉकेट इंजिनावर टेकतं आणि पाय हवेत लोंबतात, झोपाळ्यावर बसल्यासारखे.

आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम यानाचे पाय मुद्दाम भक्कम केले होते. आधीच्या मोहिमेतले सेकंदाला दोन मीटरच्या वेगापर्यंत आदळणं सोसणारे, हे तीन मीटरपर्यंतचे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी अख्खा देश टाळ्या वाजवत होता, आणि मी एकटा पाय बघत होतो. पुढे विक्रमला जवळपास ४० सेंटिमीटर उचलून बाजूला पुन्हा टेकवलं, तरी ते ताठ उभं. बांधा बघा त्याचा: टेबलच!

“आणि फाल्कन रॉकेटचं काय?” हे भाच्याचं हुकमी पान. उंच, सडपातळ, तरी उभं राहतं. राहतं खरं. पण जानेवारी २०१६ मध्ये समुद्रातल्या तराफ्यावर ते नेमकं उतरलं, चारांपैकी एका पायाची कडी बसली नाही, आणि त्याचं जे झालं ते साऱ्या जगानं व्हिडिओवर पाहिलं. तीन पाय कर्तव्यदक्ष असून भागत नाही.

परवा त्यानं मिनमसवर यान नेलं. मिनमस हा कर्बिनचा धाकटा चंद्र, गुरुत्व आपल्या विसाव्या हिश्श्याचं, आणि त्यावर गोठलेल्या तळ्यासारखी सपाट मैदानं. यान उतरलं आणि आडवं झालं.

“आडवं तर आडवं, उतरलं ना?” तो म्हणाला. “ते ओडिसियस यान नव्हतं का २०२४ मध्ये चंद्रावर कललेलं? तरी माहिती पाठवतच होतं.”

यावर मला उत्तर सुचेना. तेवढ्यात त्यानं पायांचं जी हे बटण दाबून ते मिटले आणि पुन्हा दाबलं. उघडणाऱ्या पायांनी जमिनीला लाथ घातली आणि ते लांबलचक धूड डुलत डुलत उठलं, सरळ झालं, उभं राहिलं. त्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. यान तोवर दुसऱ्या बाजूला कलायला लागलं होतं.