उद्योगी माणसाचं शेवाळ

दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा गृहस्थ मासे बघत बसतो, असा पाहुण्यांचा समज असतो. मासे पाहुणेच बघतात. रीफवाले (ठाण्यापुण्याकडच्या या जमातीला सोयीसाठी हेच नाव देऊ) दगड बघतात. नाक काचेला टेकलेलं, हातात मोबाइलचा टॉर्च, आणि नजर दगडाच्या अशा कोपऱ्यावर, जिथे मोहरीएवढा जांभळट ठिपका आहे की नुसता भास, याचा निकाल लागायचा असतो. हा ठिपका म्हणजे कोरलाइन शेवाळ: लाल शैवालांच्या कुळातलं, पेशींच्या भिंतींत चुना साठवणारं आणि दगडावर टणक खरपुडी धरत पसरणारं. ते वनस्पती आहे हे शास्त्रज्ञांनाही 1837 पर्यंत धड कळलं नव्हतं, तेव्हा ‘हा गंज कसला?’ असं विचारणाऱ्या आत्याबाईंना रीफवाल्यांनी माफ करायला हवं. ते करत नाहीत. दगड जांभळा होईस्तोवर महिनोन्‌महिने थांबावं लागतं, म्हणून रीफवाले स्वतःला मोठे संयमी समजतात. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. इतका उतावीळ माणूस दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्या टाकीत कोरलाइन वाढतं ते त्यांच्या प्रयत्नांनी नव्हे, त्यांच्या तावडीतून सुटून.

आधी त्यांची बाजू. जगभरचे छंदिष्ट टाकीत रंगीबेरंगी प्रवाळ लावतात. आपल्याकडे भित्ती बांधणारे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यापुढे वाघाच्या पंक्तीला. कायदा पाळणाऱ्या रीफवाल्यांच्या नशिबी उरतो तो सिरॅमिकचा पांढराफटक दगड, दोन क्लाउनफिश, आणि या दगडाला कधीतरी समुद्राचा रंग येईल ही आशा. मालवणला घरची मंडळी सिंधुदुर्ग किल्ला बघायला निघतात, तेव्हा हे ओहोटीच्या खडकांवर ओणवे होऊन गुलाबी पुटं न्याहाळतात. उचलता काही येत नाही; तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. मग बीज आणायचं ते दुसऱ्या छंदिष्टाच्या काचेवरून खरवडून, पिशवीभर पाण्यातून. आणलेली खरवड पंपासमोर सोडली की ती टाकीभर पसरते आणि जमेल तिथे रुजते. हे विरजण लावण्यासारखं आहे. फरक एवढाच, की घरातल्या बाईमाणसाला विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नाही हे कळतं. रीफवाले रात्रीतून चारदा झाकण काढून चमचा फिरवतात.

या शेवाळाच्या मागण्या तशा थोड्या आहेत. पाण्यात कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1300च्या आसपास, क्षारता 8 ते 10 डीकेएच (हे क्षारतेचं एकक), तापमान 25-26 अंश, आणि फॉस्फेट जेमतेम, कारण ते वाढलं की चुना धरायची क्रियाच मंदावते. यातलं बहुतेक सगळं चांगल्या सॉल्ट मिक्समध्ये मोजून घातलेलं असतं. ते शून्य टीडीएसच्या पाण्यात कालवायचं आणि आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. मेमध्ये चिलर आणि गुरुवारी वीज गेली तर हवेचा बॅटरीपंप, एवढी जोड दिली की झालं. उरते ती मुख्य मागणी: हे आकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या. रीफवाल्यांचं घोडं इथेच पेंड खातं. सोमवारी क्षारता 8 दिसली की ते ती चढवायचा बफर ओततात. बुधवारी ती 10 होते, म्हणून घाबरून पाणी बदलतात. शुक्रवारी परत 8, म्हणून आता नव्या कंपनीचा बफर. ‘जांभळी वाढ हमखास’ असं लेबल मिरवणारी बाटलीही येते. तिच्यात बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता वाढवणारे तेच क्षार असतात, जे कोपऱ्यातल्या सॉल्टच्या बादलीत आहेत. शेवाळाला प्रत्येक आठवड्यात वेगळ्या समुद्रात राहायला लागतं.

यावर रीफवाले म्हणतील, आणि चिडून म्हणतील, की वाढणारं शेवाळ चुना खातं, तो भरून काढायला नको? मुद्दा रास्त आहे. ज्या परदेशी टाक्यांत कठीण प्रवाळांची दाटी असते तिथे रोज डोस द्यावाच लागतो. पण हिशेब करू. चुना धरताना क्षारता 2.8 डीकेएचने उतरते, तेव्हा कॅल्शियम फक्त 20 मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे नखाएवढे ठिपके असलेल्या टाकीत क्षारतेची सुई हलायलाच आठवडे लागतील, आणि कॅल्शियममधला फरक तर घरगुती टेस्ट किटच्या चुकीच्या मापातच बुडून जाईल. तरीही रीफवाले रोज रात्री जेवणानंतर परीक्षानळी उजेडात धरतात, थेंब मोजतात, 410 आणि 420 या दोन आकड्यांवर चिंतन करतात आणि वहीत नोंदवतात. ती वही नीट वाचली, तर कळतं की तिच्यात टाकीची प्रकृती नसून थेंब मोजणाऱ्याच्या हाताची थरथर लिहिलेली आहे.

उजेडाचंही तेच. शेवाळाच्या अंगात जे तांबडं रंगद्रव्य असतं ते खोल पाण्यात झिरपणारा निळा-हिरवा उजेड टिपायला बनलेलं आहे. बहामा बेटांजवळ 1984 साली 268 मीटर खोलीवर, जिथे वरच्या उजेडाच्या एक टक्क्याचा हजारावा हिस्साही पोचत नाही, तिथे हे शेवाळ खडकाला चिकटलेलं आढळलं. अशा जिवासाठी रीफवाले किमती एलईडी आणतात, पूर्ण क्षमतेवर लावतात आणि शेवाळ फिकट पडून पांढरं झालं की तक्रार करतात, उजेड कमी पडतोय.

कुणी म्हणेल, हे अज्ञान आहे, शिकतील हळूहळू. हा आक्षेप मला बिलकुल मान्य नाही. रीफवाल्यांना सगळं माहीत असतं. नवशिक्याने विचारलं तर त्यांचं उत्तर अचूक असतं: ‘आकडे स्थिर ठेवा, बाटल्यांच्या नादी लागू नका, सहा महिने हात लावू नका.’ इतका सोन्यासारखा सल्ला देऊन ते घरी येतात आणि बाही वर सारून कोपरापर्यंत टाकीत उतरतात. त्यांचं दुखणं ज्ञानाचं नाही. मुळात हा माणूस छंदाला आला तोच काहीतरी करायला. काही न करण्यासाठी एवढा खर्च कोण करतं?

माझा भक्कम पुरावा मात्र टाकीतच आहे. कोरलाइन पहिल्यांदा कुठे दिसतं बघा. पंपाच्या मागच्या अंगाला, पाइपच्या वळणात, हीटरच्या खाली, दगडांच्या कपारीत. जिथे ब्रश पोचत नाही, नेमकं तिथे. यावर शास्त्रशुद्ध उत्तर येईल, की तिथे सावली असते आणि पंपाजवळ पाणी खेळतं राहतं, रीफवाल्यांच्या हाताचा काय संबंध? सावलीचं खरं आहे, खेळत्या पाण्याचंही. पण उरलेल्या टाकीत भगभगीत ऊन कुणी पाडलं? आणि दगडावरचं हिरवं तंतुशेवाळ काढायला दात घासायच्या ब्रशने कोवळी जांभळी पुटंसुद्धा कुणी खरवडली? समुद्री अर्चिन आणला तोही त्यांनीच. तो हिरवं शेवाळ खाईल अशी अपेक्षा होती. अर्चिनने चवीत भेदभाव केला नाही, जांभळ्या दगडावर पांढऱ्या रेघा ओढत तो निघून गेला.

एवढं होऊनही शेवाळ एकदाचं वाढतं. आता आनंद व्हायला हवा, पण ते वाढतं समोरच्या काचेवर. मग रीफवाले दर रविवारी प्लास्टिकच्या पात्याने ते खरवडतात, आणि खरवडता खरवडता त्याचे बीजाणू सगळीकडे उडतात, जे पुढच्या रविवारची सोय करतात. पंपाच्या पात्यांवर इतकी खरपुडी चढते, की एके दिवशी तो गुरगुरून बंद पडतो. त्याला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलं की फसफसत सगळा चुना विरघळतो. वर्षभराची कमाई बादलीभर व्हिनेगरमध्ये वाहून गेली, की हात पुसून रीफवाले दगडासाठी कॅल्शियमचा डोस मोजू लागतात. यातली विसंगती घरात सगळ्यांना दिसते. आई एकदाच विचारते, ‘अरे, तुला ते हवंय की नकोय?’ उत्तर असतं, ‘हवंय, पण तिथे नकोय.’

मग मे महिन्यात घरची मंडळी त्यांना तीन आठवडे गावी ओढून नेतात. शेजाऱ्यांना चिमूटभर खाणं घालायचं, आटलेलं पाणी टाकायचं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही, एवढी सूचना असते. शेजारी आळशी असल्याने ती तंतोतंत पाळली जाते. परत येऊन बघतात तो मागच्या दगडाच्या कडेने जांभळी किनार धरलेली. रीफवाले हर्षभरित होतात आणि निघायच्या आदल्या रात्री ओतलेल्या बाटलीला श्रेय देऊन तशाच आणखी दोन मागवतात. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. प्रयोग पुन्हा करायला हवा. घरच्यांनी दिवाळीची तिकिटं आत्ताच काढून ठेवावीत, आणि शेजारी बदलू नये.