घोरपडवाले भाऊ

आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात कुत्र्याला हाकलायला दगड शोधला तर हाती ढेकूळ येतं. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल अडकते, आणि पावसाळ्यात तीच माती चप्पल ठेवून घेते. दगड पाहायचा तर दक्षिणेला मोताळ्यापुढे राजूर घाट गाठावा लागतो. अशा गावात बसून आमच्या भाऊंनी दगडावर चढणारी गाडी घ्यायचं ठरवलं. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, जिला रॉक क्रॉलर म्हणतात ती. मी तिला घोरपड म्हणालो आणि गावानं मालकाला घोरपडवाले करून टाकलं.

भाऊंचं हायवेला लागून कृषी केंद्र आहे. गिऱ्हाईक येतं, "भाऊ, कोणता पंप नेऊ?" म्हणतं आणि भाऊ मान वर न करता सांगतात, "हा ने." दोन मिनिटांत फवारणीचा पंप, बॅटरी, चार्जर, सगळं पिशवीत. हाच माणूस स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की अठरा महिने लावतो. ही जात गावोगाव असते. पेटी शिकण्याआधी पेटीला खोळ शिवून घेणारे, शेगावच्या पायी वारीला निघण्याआधी बुटांच्या तीन जोड्या घेऊन शेवटी एसटीनं जाणारे. भाऊ त्यांच्यातलेच, फक्त त्यांची तयारी लेखी असते.

उधारीची वही पुढून उघडली की कोणाकडे किती युरिया, किती डीएपी ते दिसायचं. मागून उघडली की घोरपड. पुढून उधारी वाढत गेली, मागून गाडी वाढत गेली आणि ऐन खरिपात दोघींची मधल्या पानांवर गाठ पडली. एका शेतकऱ्याच्या नावावर 'पितळी नकल, २ नग' चढले. माणूस भला. हिशेब पाहून त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, हे कोन्त्या रोगावर मारू?"

पहिला घोळ मापाचा. या गाड्या खऱ्या गाडीच्या एक दशांश, एक अठरांश, एक चोविसांश अशा येतात. भाऊंना ते आकडे पाठ होते, पण डोळ्यांसमोर काही उभं राहीना. मग मीच नांदुऱ्याचा मारुती मधे घातला. हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येकानं मान उंच करून पाहिलेला तो १०५ फुटांचा मारुती. म्हटलं, भाऊ, तो एक दशांश केला तर साडेदहा फूट होईल, गावातल्या देवळात मावणार नाही. एक अठरांश केला तर पाच फूट दहा इंच, म्हणजे तुमच्याएवढा. एक चोविसांश केला तर साडेचार फुटांच्याही आत, म्हणजे चौथी-पाचवीतलं पोरगं. भाऊंनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, मग मोठाच घेऊ. देवाच्या बाबतीत काटकसर नको."

माझं मत वेगळं होतं आणि अजूनही आहे. ज्या गावात दगडच नाही तिथं चोविसांशवाली घ्यावी. ॲक्सिअल कंपनीची एससीएक्स२४ तळहातावर मावते. तिच्यासाठी नांगरटीतलं ढेकूळ म्हणजे सातपुडा आणि जिन्याची पायरी म्हणजे कळसूबाई. पावसाळ्यात घरातल्या उशांवरही चढाई होते. पण भाऊंनी सल्ला मागितला होता तो मान्य करायला नव्हे, वहीत लिहून घ्यायला.

मग कंपन्यांची यादी. ॲक्सिअलची एससीएक्स१०, ट्रॅक्ससची २०१७ साली आलेली टीआरएक्स-४, आणि स्वस्तात डब्ल्यूपीएल, एमएन या चिनी गाड्या. प्रत्येकीला स्वतंत्र पान, पानावर दोन रकाने, गुण आणि दोष. मुलीच्या स्थळाची चौकशीही आमच्याकडे एवढी होत नाही. चिनी गाडीचं पान वाचून मी म्हटलं, स्वस्त आहे, हीच घ्या, मोडली तर मोडली. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बोगस बियाणं विकायला सांगितलं.

भाऊंचे वडील, आबा, ओसरीवर बसून हे सगळं ऐकायचे. आबांनी उमेदीत बैल पारखले. बाजारात जायचं, तोंड उघडून दात पाहायचे, दोन दाती की चार दाती, मग खांदा, मग खूर, मग दहा पावलं चालवून पाहायचं. शेवटी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. उन्हं कलायच्या आत जोडी घरी. त्यांनी एकदा लेकाला विचारलं, "कारे, इतके दिस झाले, एकाचेही दात पाह्यले का नाही?"

पण आबांचा खरा प्रश्न दुसरा होता, आणि पुढं तोच सगळ्या गावानं विचारला.

"पळते किती?"

"पळत नाही आबा. हळूच चालते."

"म्हंजे?"

"हळू चालण्यातच तिची कमाल आहे."

आबांची हयात शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतींत गेली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं पटावर बंदी आणली तेव्हा त्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गुडघे दुखत असूनही गावभर सांगत फिरले. अशा बापाच्या घरात मुलगा हजारो रुपये घालून हळू चालणारी गाडी आणणार होता. शिवाय घर हायवेवर. जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. याच रस्त्यावर अकोला-अमरावतीदरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नाव गेलं. ज्या हायवेवर रस्तासुद्धा पळत पळत होतो, त्याच्या कडेला उभं राहून भाऊ लोकांना हळूपणाचं महत्त्व समजावत होते.

समजावताना मात्र त्यांची भाषा फुलायची, हे कबूल केलं पाहिजे. आणि गंमत अशी की ज्यांना 'पळते किती' एवढंच सुचत होतं, त्यांना आतली यंत्रं झटकन कळली. मोटार जळली की भरून देणाऱ्या कारागिराला भाऊ म्हणाले, "पंचावन्न टर्नची आहे." त्यानं लगेच मान हलवली. वेढे जास्त म्हणजे फिरणं कमी आणि ओढ जास्त, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "दोन्ही एक्सलचा डिफ लॉक आहे." चिखलात एक चाक गरगरतं, दुसरं ढिम्म हलत नाही, मग पायाखालचा लॉक दाबून ट्रॅक्टर बाहेर काढायचा, हे त्यानं शंभर वेळा केलेलं. घोरपडीत तो लॉक बहुतेक वेळा कायमचाच असतो, म्हणून तिला वळायला जागा जास्त लागते. टीआरएक्स-४ मध्ये तो रिमोटवरून लावता-काढता येतो, हे ऐकून ट्रॅक्टरवाला गप्प झाला. आपल्या ट्रॅक्टरला वाकून पाय द्यावा लागतो, हे त्याला पहिल्यांदाच खुपलं असावं.

फसला तो पंक्चरवाला. "हवा कितीची ठेवता?" हवा नसते. टायर मऊ रबराचा, आत फोम, आणि आतली हवा निघून जायला रिमला चक्क भोक. टायर रिमला चिकटवायचा नाही. बीडलॉक नावाची कडी बारीक स्क्रूंनी आवळून तो मधे धरायचा. म्हणजे फोम बदलता येतो. पंक्चरवाला बराच वेळ गप्प राहिला. धंदा बुडवणारी गोष्ट ऐकण्याचा प्रसंग रोज येत नाही.

गाडी शेवटी आली. एक दशांश. खरं म्हणजे इथंच ही कथा संपायला हवी होती. डबा उघडा, बॅटरी लावा, चालवा. पण भाऊंसारख्यांच्या आयुष्यात गाडी येणं म्हणजे साखरपुडा. लग्नाचा खर्च पुढंच असतो.

आधी सर्व्हो. पुढची चाकं वळवणारी ती छोटी मोटार. कंपनीनं दिलेली बहुधा कामचलाऊ असते. चाक दगडात रुतलं की ती नुसती कण्हते. म्हणून धातूच्या दात्यांची, वीस-पंचवीस किलोची सर्व्हो बसवतात. ते किलो ताकदीचे, पण ते सर्व्होचं वजन असं वहिनींना वाटलं आणि पार्सल मुठीत मावलं तेव्हा त्यांनी भाऊंना फसवणुकीची तक्रार करायला सांगितली.

मग वजन. घोरपडीचं वजन खाली आणि पुढे पाहिजे, नाहीतर चढावर ती मागच्या मागं कोलांटी खाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, पुढे लोखंडी वजनं लटकवतात, तोच हिशेब. पितळी नकल, म्हणजे पुढचं चाक जिथं वळतं तो सांधा, त्यासाठीच. शिवाय भाऊंनी मोटारींच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी चिकटवतात त्या वजनपट्ट्या आणून रिमच्या आत लावल्या. हे मात्र डोक्याचं काम झालं, आणि स्वस्तही.

बॅटरीनं घराला शिस्त लावली. दोन सेलची लिपो, ७.४ व्होल्ट. भरली की प्रत्येक सेल ४.२ वर, ठेवून द्यायची तर ३.८ वर, आणि तीनच्या खाली गेली की सेल मेला. ती फुगते, आणि कधीकधी पेटतेही. म्हणून चार्जिंग चालू असताना भाऊ समोर खुर्ची टाकून बसायचे. वहिनी म्हणाल्या, "मले बाळंतपणात इतकं नाही पाह्यलं." भाऊंनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून मीटर लावलं.

त्याच आठवड्यात बीडलॉकचा एक स्क्रू हरवला. दोन मिलिमीटरचा. भाऊ ओसरीवर चाक खोलत होते आणि शेजारी वहिनी सुपात तूरडाळ निवडत होत्या. तासभर डाळ बोटांनी चाळली, सूप उन्हात धरलं, लोहचुंबक फिरवलं. स्क्रू स्टेनलेसचा, चुंबकाला दाद देईना. रात्री तो वरणात निघाला, आबांच्या दाताखाली. आबांनी तो ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "घ्या. दात पाह्यले आता."

एवढ्यावर थांबतील ते भाऊ कसले? विंच आली, टपावरचं कॅरिअर आलं, इवलंसं फावडं, इवले जेरीकॅन, करंगळीएवढा जॅक. एकही चालत नाही. फावड्यानं उकरता येत नाही, जॅकनं उचलता येत नाही, डब्यात डिझेल नाही. याला 'स्केल' म्हणतात, म्हणजे गाडी खरी वाटली पाहिजे. मागच्या खोलीतला बल्ब दोन महिन्यांपासून गेला होता. घोरपडीचे चारही फॉगलाइट लागत होते.

आणि दगड? दगड शेवटी हायवेनंच दिला. चौपदरीकरणातून उरलेल्या डबराचा एक ढीग रस्त्याकडेला पडून होता. भाऊंनी पोरं जमवली आणि घोरपड खाली ठेवली. रिमोटचा खटका दाबल्याबरोबर ती इतकी हळू निघाली की एकानं विचारलं, "बंद पडली का?" पुढचं चाक दगडाच्या नाकावर टेकलं, टायर दबला, घडी पडल्यासारखा दगडाला बिलगला. एक्सल तिरपा झाला, मागचं एक चाक हवेत लटकलं, आणि तरी गाडी बोट-बोट वर सरकत राहिली. भाऊंनी बोट काढलं तर चढावर जिथल्या तिथं थांबली, एक इंच मागं नाही. ड्रॅग ब्रेक. पोरं गप्प झाली. पुढच्याच दगडावर ती पालथी पडली. टपावरचं सामान जड झालं होतं.

चार दिवस भाऊ उदास होते. कॅरिअर काढावं तर स्केल जातं, ठेवावं तर गाडी पडते. तेव्हा आबा उठले. कोपऱ्यातून ज्वारीचे वाळके धांडे घेतले, सोलले, आतला पांढरा भेंड काढला. त्याच भेंडाचे आणि सालीचे बैल-गाडे आमच्या पिढीनं पोळ्याला केले होते. आबांनी माणसं केली. टोपीवाली, पदर घेतलेली, एक मांडीवर पोरगं घेतलेली, एक मागच्या शिडीला लटकलेला क्लीनर. वजन म्हणाल तर फुंकरेनं उडेल इतकं. भाऊंनी ती काटेकोर तोलली, वहीत लिहिली आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. विलायती जीपचा रंग खरवडला, खालून काळा, टपाला पिवळा मारला. पुढे काचेवर बारीक अक्षरात 'मलकापूर–वडनेर–नांदुरा'. आत बारा, टपावर सात, शिडीवर एक. आमच्या काळी-पिवळीत एवढेच बसतात, हे स्केल मला पहिल्यांदा पटलं.

रविवारी डबरावर पुन्हा चढाई झाली. घोरपड वीस माणसं घेऊन कण्हत कण्हत वर चढली, मधे दोनदा थांबली, क्लीनर पडला तो पोरांनी पुन्हा अडकवला. शेवटच्या दगडावर पोचली तेव्हा फाट्यावर मघापासून गाडीची वाट पाहत बसलेले एक म्हातारबाबा काठी टेकत जवळ आले. वाकून त्यांनी काचेवरची पाटी वाचली, टपाकडे पाहिलं आणि भाऊंना विचारलं,

"नांदुऱ्याचे किती घेता?"